वर्षात तिसरा एलईडी गेला. बल्ब बदलू की होल्डर?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात (इमारत १९८८ ची) हॉलच्या मधोमध एक दुधी काचेचा गोल लोंबतो. आईबाबा तिथे राहतात, मी पुण्यात. त्या गोलात पाडव्याला १५ वॉटचा एलईडी लावला, तो जूनमध्ये गेला. दुसरा गणपतीच्या आदल्या संध्याकाळी गेला, म्हणजे नेमका पाहुणे यायच्या वेळी. तिसरा परवा. या वेळी आधी फडफडला, मग आईला जळका वास आला म्हणून तिने बटण बंद केलं.

खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. रोज पाच तास धरले तर तेरा वर्षं होतात. माझ्या वाट्याला तेरा आठवडेसुद्धा धड येत नाहीत.

गोलाच्या पितळी टोपीत 'कमाल ६० वॉट' असं कोरलंय. १५ म्हणजे त्याच्या पाव. मग जास्त वॉटचा प्रश्नच येत नाही ना? कंपनी बदलू, की वायरमन बोलावू? बाबा म्हणतात, "हल्लीचे बल्बच तसले, आमचा साधा बल्ब पाच वर्षं चालायचा." या वाक्यावर घरात वाद घालायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

पावशेर

कंपनी बदला, विषय संपला. एलईडी गरम होतच नाही, त्यामुळे फिटिंगचा संबंध येतोच कुठे? चालू बल्बच्या पांढऱ्या गोळ्याला हात लावून बघा, कोमट लागतो फार तर.

---

फेज_न्यूट्रल

पावशेर, हात चुकीच्या जागी लावताय. पुढचा पांढरा गोळा कोमटच लागणार. होल्डरकडच्या मानेला लावून बघा, म्हणजे बल्ब बंद केल्या केल्या. मग सांगा कोमट की कसं.

तीस वर्षं इमारतींची वायरिंग केली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुना तारेचा बल्ब वीज खायचा त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत जायची, पण त्याला त्या उष्णतेचं सोयरसुतक नव्हतं. काच आणि तार, बाकी काही नाहीच. एलईडीचं तसं नाही. त्याच्या मानेत एक छोटी सर्किटची चकती असते, तिच्यावर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारा छोटा भाग. उष्णता कमी तयार होते, पण होते तिथेच, आणि तीच त्याला मारते. अशा कपॅसिटरबद्दल आमच्यात ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं.

आता उंबरठा यांचा गोल डोळ्यांसमोर आणा. काच चहूबाजूंनी बंद, वर पितळी टोपी. बल्ब लोंबतोय, म्हणजे मान वर आणि गोळा खाली. गरम हवा वर चढते आणि टोपीखाली अडकते. बरोबर त्याच जागी सर्किट. म्हणजे पाच तास मडक्यात घालून शिजवल्यासारखंच.

खोक्यावरचे २५,००० तास मोकळ्या हवेतले असतात. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत बंद फिटिंगमध्ये वापरू नका असं लिहिलेलं आहे का, तेही बघा.

आणि ते ६० वॉट. तो आकडा फिटिंगचा आहे. होल्डर, आतली वायर आणि काच किती उष्णता सोसतील ते तो सांगतो. बल्ब किती सोसेल हे त्यात कुठेच नाही. फिटिंगला १५ वॉट काहीच नाहीत, पण बल्बला ती फिटिंग जड जाते.

पण वास आला म्हणताय, तिथे मात्र मला होल्डरचाही संशय येतो. एक विचारतो, त्या गोलात पूर्वी कधी मोठा बल्ब होता का?

---

उंबरठा

काका, बरोबर पकडलंत. माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी त्यात शंभरचा लावला होता, "अभ्यासाला उजेड हवा" म्हणून. पुढे बहिणीची दहावी, मग तिची बारावी. शंभरचाच राहिला, सात-आठ वर्षं तरी.

---

फेज_न्यूट्रल

झालं तर मग. साठच्या फिटिंगमध्ये सात वर्षं शंभर. होल्डरमधल्या स्प्रिंगा ताव खाऊन मऊ पडल्या असणार आणि वायरीवरचं आवरण कडक. स्प्रिंग सैल म्हणजे टोक बल्बच्या बुडाला नीट टेकत नाही, मध्ये बारीक ठिणगी पडत राहते, टोक कार्बन धरतं. फडफड त्याचीच असू शकते. नवा बल्ब आणून उपयोग नाही, तोही तिथेच मरेल.

उघडून बघा. पण आधी मेन बंद. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून होल्डरमध्ये बोट घालू नका, का ते पुढे सांगतो. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून पेटतो का बघा, मग होल्डरच्या दोन्ही टोकांना लावा, मग परत चालू प्लगवर. बिघडलेला टेस्टर 'लाइट नाही' असंच सांगतो आणि माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. (मेन बंद केल्यावर चालू प्लग कुठून आणायचा, तर त्या खोलीच्या दिव्यांचा एमसीबी (मेन बोर्डावरचा छोटा खटका) तेवढा पाडा, स्वयंपाकघरातला चालू ठेवा.) ॲल्युमिनियमची शिडी नको. लाकडी स्टूल, पायात रबरी चपला, हात कोरडे. आणि स्टूल धरायला माणूस. शॉक लागून कमी आणि शॉकच्या दचक्याने पडून जास्त लोक जायबंदी झालेले पाहिलेत.

---

मावशीबाई

फेज_न्यूट्रल भाऊ, माझा प्रश्न याच्याशी लागूनच आहे. आमच्या जिन्यातला एलईडी बटण बंद केलं तरी रात्री मिणमिणतो. अगदी काजव्याएवढा. सून म्हणते भूत आहे, मी म्हणते भूत असेल तर वीजबिल त्याने भरावं. बल्ब बदलला, दुसराही तसाच मिणमिणतो.

---

फेज_न्यूट्रल

मावशी, भूत बटणाच्या डब्यात आहे. तीन शक्यता.

बटणावर लाल बारीक दिवा आहे का? असला तर त्या दिव्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. जुन्या बल्बला तो जाणवायचासुद्धा नाही. जिन्यात खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतील तर लांब समांतर जाणाऱ्या वायरींमधूनही थोडी वीज झिरपते, ते धोक्याचं नाही.

तिसरी शक्यता मात्र गंभीर. बटण फेजऐवजी (वीज आणणारी जिवंत वायर) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी वायर) बसवलेलं असणं. मग बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज हजर. दिवा विझलेला दिसतो आणि होल्डर जिवंत असतो. बटणावर विसंबून होल्डरमध्ये बोट घालू नका म्हणालो ते यासाठी. जुन्या घरांत लाल-काळ्या वायरींच्या रंगावरही भरवसा ठेवू नका. वायर संपली की हाताला लागेल ती जोडलेली असते, मी स्वतः लोकांची कामं निस्तरली आहेत.

बटण बंद ठेवून, बल्ब काढून, होल्डरच्या टोकांवर टेस्टर लावा. लख्ख पेटला तर वायरमन बोलवा. त्याला 'बटण फेजवर घे' एवढंच सांगा, त्याला कळेल.

---

जर्सीतला_जोशी

इथे अमेरिकेत आमच्या होल्डरला आटे असतात. तिथे फेज कुठे येते ते फारच महत्त्वाचं. फेज तळाच्या मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्यांच्या पत्र्याला, असं हवं. उलटं झालं तर बल्ब पिळताना बोट पत्र्याला लागलं की संपलं. भारतातही आता आट्यांचे दिवे खूप येतात (२७ मिलिमीटरचे, झुंबरात १४ चे), तेव्हा हे लक्षात असू द्या. नेहमीच्या पिनांच्या २२ मिलिमीटरच्या होल्डरला हा फरक पडत नाही, तिथे दोन्ही टोकं तशीही आत उघडीच असतात.

एक माझा पराक्रम. इथला १२० व्होल्टचा जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब, शोभेचा म्हणून, साताऱ्याला घेऊन गेलो. आटे बसले. बटण दाबलं, पांढराशुभ्र लखलखाट झाला आणि टप्. दुप्पट व्होल्टेज म्हणजे जवळजवळ चौपट ताकद. सासरे म्हणाले, "छान होता."

---

चिंगी२

मी भाड्याच्या घरात राहते. फॉल्स सीलिंगमधले छोटे दिवे, दोन पिनांचे, आधी हॅलोजन होते. मी सहाच्या सहा काढून ५ वॉटचे एलईडी लावले तर आता नाचतात. मालक म्हणतो तुम्ही बिघडवलं.

---

फेज_न्यूट्रल

चिंगी, ते १२ व्होल्टचे आहेत, वर प्रत्येकासाठी ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो. तो हॅलोजनच्या ५० वॉटसाठी बनवलेला. त्याला किमान काही भार लागतो, ५ वॉटवर तो धड चालूच होत नाही. दिवे नाचतात ते त्यामुळे. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचे ड्रायव्हर बसवावे लागतील आणि ते काम वायरमनचं, मालकाच्या परवानगीने. २३० चा दिवा त्या १२ च्या जागी किंवा उलट, असा प्रयोग कृपया नको. मालकाला हा प्रतिसाद वाचून दाखव.

---

पावशेर

हात लावून बघितला. शब्द मागे घेतो. बोटाला अजून झणझणतंय.

एक शंका मात्र आहे. १५ वॉटचा नको तर किती वॉटचा? आणि लोक वॉट सोडून ल्युमेन-ल्युमेन काय करतात?

---

कोकणातली_वाट

पावशेर, वॉट म्हणजे बल्ब किती खातो, ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. तारेच्या बल्बच्या काळात साठ म्हटलं की किती उजेड ते डोळ्यांना पाठ होतं, आता तो अंदाज गेला. साधारण असं धरा की साठच्या पिवळ्या बल्बचा उजेड सातशे-आठशे ल्युमेन, आणि हल्लीचा ९ वॉटचा एलईडी आठशे ते नऊशे देतो. म्हणजे उंबरठांच्या हॉलला नऊ पुरे. रोज पाच तास धरले तर महिन्याला साठचा बल्ब ९ युनिट खातो, नऊचा दीडसुद्धा नाही.

नऊ वॉट आपल्या ओळखीचा झाला तो २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे. पुढे देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. आमच्याकडे त्यातला एक अजून माजघरात चालू आहे. उघड्या होल्डरमध्ये आहे म्हणूनच बहुतेक.

आणि रंग. तो केल्व्हिनमध्ये सांगतात, आकडा कमी तितका पिवळसर. सगळे ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा घेतात कारण दुकानात तो 'जास्त' वाटतो. ओटीवर तो लावला आणि आमचं घर दवाखाना दिसायला लागलं. बसायच्या खोलीत २७०० किंवा ३००० घ्या. स्वयंपाकघरात ४००० बरा, कोथिंबीर हिरवी दिसते आणि डाळीतला खडा पण.

---

फेज_न्यूट्रल

वाटताईंशी सहमत. खरेदीत माझी एकच भर: बल्बवरच मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. नुसता खोक्यावर नको. आयएस १६१०२ हे एलईडी बल्बचं मानक, नोंदणी सक्तीची आहे. रस्त्यावर ढिगातून तीस रुपयांना मिळणारे उघडून बघितलेत मी, आत सर्किटच्या नावाखाली एक कपॅसिटर आणि देवाचा भरवसा.

आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखा जुना डिमर असेल तिथे साधा एलईडी लावू नका. गुणगुणतो आणि जातो. डिमरवर चालणारे वेगळे मिळतात, खोक्यावर लिहिलेलं असतं.

---

उंबरठा

शनिवारी डोंबिवलीला जाऊन आलो. अहवाल.

मेन पाडलं. (फक्त हॉलचा एमसीबी असा वेगळा नाहीच, सगळं घर एकावर. टेस्टर शेजारच्या काकूंच्या प्लगवर तपासून आलो, त्यांना वाटलं आमची लाइट गेली, त्यांनी मेणबत्ती दिली.) बाबांनी स्टूल धरलं आणि सूचना दिल्या, दोन्ही एकाच वेळी.

गोल उतरवला. आत तीन पावसाळ्यांचे किडे. मेलेल्या बल्बची मान एका बाजूने पोळीच्या डागासारखी तपकिरी झालेली. होल्डरचं एक टोक बोटाने नाही, पेन्सिलीने दाबलं, तर ते आत गेलं ते गेलंच, परत वर आलं नाही. टोकावर काळा थर. होल्डरच्या बॅकेलाइटला केसाएवढी चीर. आणि वायर! टोपीच्या आतल्या वितीभर लांबीतलं आवरण जरा वाकवलं तर शेंगदाण्याच्या सालीसारखं हातात आलं. तांबं उघडं. वर हात लावला तर छताजवळची वायर मात्र मऊ, चांगली.

बाबा बराच वेळ ते तुकडे बघत होते. मग म्हणाले, "शंभरचा मीच लावला होता." मी म्हणालो, मला गणितात नव्वद पडले होते ना. ते म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

मी पुढे हात लावला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातला वायरमन बोलावला. त्याने पोळलेली वायर चांगल्या भागापर्यंत मागे कापली, उष्णता सोसणारं स्लीव्ह चढवून नवी जोडली, होल्डर नवा बसवला. पितळी टोपीला अर्थिंग नव्हतंच, ते दिलं. बटण न्यूट्रलवर निघालं! ३७ वर्षं! तेही फिरवलं. दोन तास काम.

आता ९ वॉट, ३००० केल्व्हिन. गोलाच्या खालचं झाकण काढून ठेवलंय, हवा खेळावी म्हणून.

---

फेज_न्यूट्रल

उत्तम. खालून उघडा केलात ते चांगलंच, पण टोपीला वर भोकं नसतील तर गरम हवा तिथे थोडी साचणारच. नऊला चालेल. परत बारा-पंधराचा मोह नको.

आणि वायरमन बोलावलात ते योग्य. १९५६ च्या वीज नियमांत नियम ४५ होता. दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायचं तर घरच्या घरी चालेल, वायरिंगला हात लावायचा तर परवानाधारक हवा. नियम पुढे बदलले, पण रेषा तीच ठेवा. बल्ब तुमचा, बटण फेजवर घेणं त्याचं.

---

चिंगी२

जुना सीएफएल फुटला तर काय करायचं? काल भाच्याने पाडला. मी झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकला.

---

कोकणातली_वाट

त्यात थोडा पारा असतो, काही मिलिग्रॅम. घाबरू नकोस, पण पुढच्या वेळी आधी खिडक्या उघडून मुलांना दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढ. झाडू किंवा व्हॅक्युम नको, पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा कर, बारीक चुरा चिकटपट्टीने उचल, ओल्या कागदाने पूस, सगळं बरणीत बंद कर. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेतात तिथे द्यावं.

---

मावशीबाई

भाऊ, भूत सापडलं. बटणावरचा लाल दिवा. सुनेला सांगितलं, तिचा विश्वास नाही.

आता दिवाळी आलीच आहे तर विचारते. आकाशकंदिलात कुठला बल्ब? ह्यांच्याकडे जुने साठचे चार शिल्लक आहेत, वाया कशाला घालवायचे म्हणतात.

---

फेज_न्यूट्रल

मावशी, ते चार मला पाठवा पण कंदिलात घालू नका. कागद, ताव, घोटीव कागदाच्या करंज्या, आणि आत साठचा तापलेला गोळा. वारा आला, कंदील फिरला, कागद टेकला की आधी तपकिरी होतो आणि मग पेटतो. ५ ते ७ वॉटचा एलईडी पुष्कळ झाला, कंदिलाला रंग दाखवायचाय, अंगण उजळायचं नाही.

पण कंदिलात खरी गडबड बल्बची नसतेच. लोक होल्डरच्या वायरीलाच कंदील टांगतात. चार दिवस वाऱ्यात हेलकावे खाऊन वायर स्क्रूमधून निसटते. कंदील सुतळीने टांगा, वायर शेजारून ढिली सोडा. वायरीला होल्डरच्या वर एक वळसा खाली झुकवून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून टपकेल, होल्डरमध्ये उतरणार नाही. ऑक्टोबरात पाऊस येतोच. मध्ये जोड असेल तर तो गॅलरीच्या आत, चिकटपट्टी गुंडाळून बाहेर लोंबत ठेवायचा नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइट तोडणारा खटका) असेल घरात तर त्याचं टेस्टचं बटण एकदा दाबून बघा, लाइट जायला हवी.

---

उंबरठा

आईचा एक निरोप. देव्हाऱ्याजवळ रात्रभर झिरोचा बल्ब असतो, तो पण एलईडी करावा का? तिच्या मते त्याला वीज लागतच नाही, नावातच झिरो आहे.

---

फेज_न्यूट्रल

झिरोचा बल्ब बारा ते पंधरा वॉट खातो. जुन्या मीटरची चकती त्याने हलल्यासारखी दिसायची नाही म्हणून नाव पडलं असं सांगतात. हॉलच्या तुमच्या नव्या बल्बपेक्षा देव्हाऱ्यातला जास्त खातोय, आणि तोही रात्रभर. अर्ध्या वॉटचा एलईडी लावा.

---

उंबरठा

लावला. आईला आकडा अजून सांगितलेला नाही. बाबांना सांगितला, ते म्हणाले तूच सांग.